रेडिओथेरपी विभागात नवीन आहात? रुग्णाला प्लॅनिंगपासून शेवटच्या सिटिंगपर्यंत असं सांभाळा

रेडिओथेरपी विभागात रुजू झालेल्या नव्या रेडिओग्राफरचं सगळं लक्ष सुरुवातीला मशीनवर असतं. त्यात गैर काही नाही. लिनॅक (किरण देणारं मुख्य मशीन) अवाढव्य, कन्सोलवर चार-पाच स्क्रीन, आणि कुठलंही बटण दाबताना पोटात गोळा. पण मशीनची सवय लवकर होते. रुग्ण ओळखायला मात्र वेळ लागतो, आणि त्याची सुरुवात पहिल्याच दिवसापासून करावी लागते.

मी नव्या मुलामुलींना आधी एकच गोष्ट सांगते. आपल्या कामात ‘तांत्रिक’ आणि ‘माणूस सांभाळणं’ असे दोन वेगळे कप्पे नसतात. मानेवर उपचार घेणारा रुग्ण घाबरला की नकळत खांदे वर ओढतो, आणि मानेच्या खालच्या भागातल्या ग्रंथी ठरलेल्या जागेवरून सरकतात. छातीवर उपचार घेणारी बाई अंग चोरून झोपली की जागा जुळवायच्या लेझरच्या रेषा त्वचेवरच्या टॅटूवर (खुणेच्या ठिपक्यांवर) बसत नाहीत. अशा वेळी धीराचे दोन शब्द बोलणं हा सेटअपचाच (रुग्णाला ठरलेल्या स्थितीत झोपवण्याचाच) भाग असतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

रुग्ण येण्याआधी फाइल वाचा

निदान काय, कुठला अवयव, डावी बाजू की उजवी, आणि उपचार बरं करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी, हे रुग्ण दारात उभा राहायच्या आत तुम्हाला माहीत हवं. डोसकडे नुसता आकडा म्हणून बघू नका. डोकं-मानेच्या कॅन्सरला रोज २ ग्रेप्रमाणे (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक) ३५ फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे ३५ सिटिंगमध्ये, ७० ग्रे द्यायचे असतील, तर आठवड्याला पाच दिवस या हिशेबाने हा माणूस सात आठवडे तुमच्याकडे येणार आहे. स्तनाच्या कॅन्सरला बऱ्याच ठिकाणी १५ फ्रॅक्शनमध्ये ४० ग्रे देतात, म्हणजे तीन आठवडे. हाडात पसरलेल्या आजाराच्या वेदनेसाठी एकदाच ८ ग्रे दिले जातात, तेव्हा ओळख व्हायला तुमच्या हातात तो एकच दिवस असतो. तीन रुग्ण, तीन वेगळ्या तऱ्हेची सोबत.

आधी कधी रेडिएशन झालंय का, पेसमेकर आहे का, गरोदर असण्याची शक्यता आहे का, सोबत केमो चालू आहे का, हे तपासाच. ऐकू कमी येतं का, कुठली भाषा समजते, बंद जागेची भीती वाटते का, हेही विचारा. आणि आजाराबद्दल रुग्णाला नेमकं किती माहीत आहे, हे डॉक्टरांकडून आधीच समजून घ्या. सोबतचे नातेवाईक एक बोलतात आणि रुग्णाला वेगळंच सांगितलेलं असतं, असं बऱ्याचदा होतं. ते काउचवर (उपचाराच्या टेबलावर) कळून उपयोग नाही.

प्लॅनिंग सीटी: इथे घाई नको

माझ्या मते संपूर्ण उपचारातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच. आज रुग्ण ज्या स्थितीत झोपेल, त्याच स्थितीत त्याला रोज झोपवायचं आहे. ऑन्कोलॉजिस्टनी काढलेल्या ट्यूमरच्या सीमा, फिजिसिस्टनी (डोसचं गणित बघणाऱ्या तज्ज्ञांनी) केलेला प्लॅन, सगळं या एका स्कॅनवर उभं राहतं.

म्हणून आधी आराम बघा, सरळ रेषा नंतर. हात डोक्यावर घेऊन वीस मिनिटं झोपता येत नसेल, तर उद्याही येणार नाही आणि पुढच्या आठवड्यातही नाही. रुग्ण ‘चालेल, चालेल’ म्हणतो, कारण त्याला तुम्हाला त्रास द्यायचा नसतो. त्याला स्पष्ट सांगा, “आज कुठे टोचत असेल, अवघडत असेल तर आत्ताच सांगा. आज बदलता येतं, नंतर बदलायचं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.” गुडघ्याखालचा आधार थोडा वर-खाली करून बघा. हाडाचं दुखणं असेल तर वेदनाशामक औषध स्कॅनच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतलंय ना, याची खात्री करा.

मास्कबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथेच रुग्ण सगळ्यात जास्त घाबरतो. थर्मोप्लास्टिकची शीट साधारण ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात मऊ होते. ती पाण्यात टाकण्याआधी रुग्णाच्या हातात द्या. बोटं फिरवू दे, भोकं बघू दे. “या भोकांतून श्वास अगदी नेहमीसारखा घेता येतो,” हे तेव्हाच सांगा. डेन्चर, चष्मा, श्रवणयंत्र काढायचं असेल तर ते काढण्यापूर्वी सगळ्या सूचना पूर्ण करा. यंत्र काढल्यावर तुम्ही काय बोलताय ते त्याला ऐकूच येणार नाही. शीट बाहेर काढल्यावर पाणी झटका, टिपून घ्या, स्वतःच्या मनगटावर लावून ऊब बघा. मग सांगा, “आता गरम ओला टॉवेल चेहऱ्यावर ठेवल्यासारखं वाटेल.” दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी खाली ओढून क्लॅम्प लावायचे, आणि हनुवटी, नाकाचा उंचवटा, कपाळ इथे बोटांनी हलकेच दाबून आकार बसवायचा. मास्क घट्ट व्हायला काही मिनिटं लागतात. या मिनिटांत गप्प राहू नका. किती वेळ झाला, किती उरला, ते सांगत राहा. एकाचा हात रुग्णाच्या हातावर असू दे. आणि मास्क बसवायच्या आधीच खूण ठरवून ठेवा: हात वर केला की आम्ही लगेच थांबणार. तो खरोखर वर झाला तर एक क्षणही न दवडता मास्क काढा, ‘फक्त अर्धं मिनिट’ म्हणू नका. पहिल्यांदाच थांबवलंत, तर पुढच्या वेळी तो जास्त वेळ सहन करतो, कारण सुटका आपल्या हातात आहे हे त्याला पटलेलं असतं.

तरीही जमलं नाही तर चेहरा मोकळा ठेवणारा मास्क चालेल का, किंवा भीती कमी करणारं औषध द्यायचं का, हे डॉक्टर आणि फिजिसिस्टना विचारा. तो निर्णय तुम्ही एकट्याने घ्यायचा नाही.

टॅटू म्हणजे सुईच्या टोकाएवढे ठिपके, पण ते कायमचे राहतात. करण्याआधी हे सांगा आणि परवानगी घ्या. कित्येकांना तो ठिपका आयुष्यभर आजाराची आठवण करून देतो, त्यामुळे ‘काही नाही, एवढासाच तर आहे’ असं म्हणू नका. शरीराचा पृष्ठभाग कॅमेऱ्याने टिपणारी यंत्रणा विभागात असेल तर काही वेळा टॅटूशिवायही काम भागतं.

ओटीपोटाच्या उपचारात मूत्राशय आणि गुदाशय किती भरलेत यावर प्रोस्टेट किंवा गर्भाशयाची जागा बदलते. लघवी करून यायचं, ठरलेलं पाणी प्यायचं, ठरलेला वेळ थांबायचं. तुमच्या विभागाचा प्रोटोकॉल जो असेल तो लिहून द्या आणि त्यामागचं कारणही सांगा. ‘मूत्राशय भरलं की आतड्याचा बराचसा भाग किरणांच्या वाटेतून वर सरकतो,’ एवढं कळलं की माणूस नियम मनापासून पाळतो. डाव्या स्तनाच्या उपचारात खोल श्वास रोखून धरायला सांगतात, कारण फुप्फुस फुगलं की हृदय छातीच्या पुढच्या भिंतीपासून लांब जातं. त्याचा सराव घरी करायला सांगा.

पहिली सिटिंग

पहिल्या दिवशी रुग्णाच्या मनात ठरावीक प्रश्न असतात. तो विचारेलच असं नाही, तेव्हा तुम्हीच सांगा. किरण दिसत नाहीत, जाणवत नाहीत, भाजत नाही. मशीन अंगाभोवती फिरेल, आवाज करेल, पण अंगाला लागणार नाही. काउचवर दहा ते वीस मिनिटं जातील, त्यातला बराच वेळ जागा जुळवण्यात जातो. प्रत्यक्ष किरण काही मिनिटंच चालू असतात. केस जातात ते फक्त जिथून किरण जातात त्या भागातले.

आणि एक गोष्ट न विचारता सांगाच: बाहेरून दिलेल्या या रेडिएशनने तुमच्या अंगात काही राहत नाही, मशीन बंद झालं की किरण संपले, घरी जाऊन लहान मुलांना खुशाल जवळ घ्या. आपल्यापासून घरच्यांना धोका होईल या भीतीने कित्येक जण गुपचूप वेगळे झोपतात. ते एका वाक्याने टळतं.

“आम्ही बाहेर जाऊ, पण कॅमेऱ्यातून तुम्ही सतत दिसता आणि बोललेलं ऐकू येतं.” हे वाक्य तुम्ही रोज बोलाल, म्हणून ते रोज खरं असलं पाहिजे. थेरॅक-२५ या मशीनमुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड जास्त डोस मिळाला. मूळ दोष सॉफ्टवेअरचा आणि काढून टाकलेल्या सुरक्षा इंटरलॉकचा (धोका असेल तर मशीन आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेचा) होता. पण १९८६ मध्ये टेक्सासमध्ये झालेल्या एका घटनेत त्या दिवशी खोलीतला कॅमेरा जोडलेला नव्हता आणि इंटरकॉम नादुरुस्त होता. विजेचा झटका बसावा तसं रुग्णाला जाणवलं, तो उठायला लागला, आणि बाहेर कुणालाच ते कळलं नाही. स्क्रीनवर ‘मालफंक्शन ५४’ असा संदेश आला होता. असे संदेश त्या मशीनवर वरचेवर येत, त्यामुळे ऑपरेटरने सवयीने पुढे जाण्याचं बटण दाबलं आणि दुसरा डोस गेला. पाच महिन्यांनी तो रुग्ण दगावला.

म्हणून सकाळच्या तपासणीत आउटपुट (मशीन देत असलेला डोस), लेझर, दाराचा इंटरलॉक यांच्याबरोबर कॅमेरा आणि इंटरकॉम तपासणं हे शिक्का मारण्याचं काम नाही. ते चालत नसतील तर उपचार सुरू करायचे नाहीत. न समजणारा संदेश आला तर पुढे जायचं नाही, फिजिसिस्टला बोलवायचं. आणि रुग्ण काही वेगळं जाणवलं म्हणाला, तर मशीनवर सगळं हिरवं दिसत असलं तरी आधी त्याचं ऐकायचं.

रोजचा सेटअप

ओळख रोज पटवायची, विसाव्या दिवशी नाव तोंडपाठ असलं तरी. “तुम्ही अमुकच ना?” असं विचारू नका; घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. “तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा,” असं विचारा आणि फोटोशी ताडून बघा. नेहमीच्या रुग्णाला हे विचित्र वाटतं, म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की हे रोज विचारणार आहोत.

सेटअप दोघांनी करायचा. एकाने प्लॅनमधले आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने तपासायचे. डोक्यावरून एकमेकांशी घरगुती गप्पा नकोत. खाली झोपलेल्या माणसाला त्यातला प्रत्येक शब्द ऐकू येतो. हात लावण्याआधी सांगा. कपडे तेवढेच बाजूला करा जेवढे लागतात, आणि लेझर जुळले की लगेच चादर ओढा.

रुग्णाला सरकवायचं असतं तेव्हा तो मदत करायला जातो, आणि तिथेच गडबड होते. तुम्ही अर्धा सेंटिमीटर डावीकडे ओढता, तो अंग उचलून दोन सेंटिमीटर जातो. त्याला म्हणा, “तुम्ही काहीच करू नका. अंग जड सोडा, आम्ही सरकवतो.” मग एकदा श्वास सोडायला सांगा. श्वास सुटतो तसे खांदे खाली येताना डोळ्यांना दिसतात. मगच लेझर बघा. आधी बघितलेत तर परत जुळवावं लागेल.

बाहेर येताना खोलीत रुग्णाशिवाय कुणी नाही, हे शेवटी निघणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मग इमेज. कोन बीम सीटीवर (लिनॅकवरच काढलेल्या सीटीवर) हाडं छान जुळली म्हणून खूश होऊ नका. मूत्राशय प्लॅनएवढं भरलंय का, गुदाशयात वायू साठलाय का, गाल आणि मास्क यांच्यात फट दिसते का, हे बघा. शिफ्ट (जागा जुळवायला काउच जेवढा सरकवावा लागतो ते अंतर) नेहमीपेक्षा मोठी आली तर ती नुसती लागू करून मोकळं होऊ नका. का आली ते शोधा, गरज पडली तर आत जाऊन नव्याने झोपवा. डोकं-मानेच्या रुग्णात मास्क सैल होणं याचा अर्थ बहुतेक वेळा वजन उतरलंय असा असतो. ते कळवलंत तर पुन्हा सीटी करून प्लॅन सुधारता येतो. इतक्या जवळून हे रोज बघणारे तुम्हीच आहात.

साइड इफेक्ट: तुम्हाला सगळ्यात आधी दिसतात

डॉक्टर रुग्णाला बहुधा आठवड्यातून एकदा तपासतात, तुम्ही आठवड्यातून पाच वेळा भेटता. पण ‘कसं वाटतंय?’ विचारलं की उत्तर ‘बरं’ असंच येतं. नेमकं विचारा. काल काय काय गिळता आलं? रात्री किती वेळा उठलात? जुलाब दिवसातून किती? उत्तरापेक्षाही आधी चाल बघा. सोमवारी स्वतः चालत आलेला माणूस गुरुवारी भिंतीला धरून येत असेल, तर काहीतरी बिघडलंय.

त्वचेची प्रतिक्रिया साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते. गोऱ्या त्वचेवर ती लाल दिसते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, तिथे काळपटपणा, ऊब, खाज, ताणल्यासारखं वाटणं याबद्दल विचारावं लागतं. नुसतं बघून ‘ठीक आहे’ लिहू नका. काखेत, स्तनाखाली, जांघेत, जिथे त्वचेला त्वचा घासते तिथे आधी सालं निघतात. प्रत्येक वेळी श्रेणी लिहा, म्हणजे पुढच्या पाळीच्या सहकाऱ्याला तुलना करता येते. कोमट पाणी, सौम्य साबण, न चोळता टिपणं, सैल सुती कपडे हे सांगा. नवीन काही लावायचं असेल तर आधी आम्हाला विचारा, हेही सांगा.

तोंडावर-घशावर उपचार असेल तर तोंड येतं, लाळ घट्ट होते, चव जाते. वजन दर आठवड्याला बघा आणि उतरायला लागलं की आहारतज्ज्ञांना लगेच कळवा. खूप उतरेपर्यंत थांबलं तर मास्क, प्लॅन आणि ताकद तिन्ही हातची जातात. थकवा जवळजवळ सगळ्यांना येतो आणि तो झोपेने पूर्ण जात नाही. ‘आजार वाढला म्हणून थकवा आलाय’ असा समज रुग्ण करून घेतात, तो दूर करा. जमेल तेवढं चालणं थकव्याला मदत करतं.

काही गोष्टी मात्र ‘उद्या बघू’वर ठेवायच्या नाहीत. केमो चालू असताना ताप. मणक्याचा आजार असलेल्याच्या पायात नव्याने आलेली कमजोरी किंवा लघवी अडकणं. घशात घरघर होऊन श्वास घ्यायला त्रास. मेंदूवर उपचार चालू असताना फिट, वाढती डोकेदुखी, उलट्या. त्याच वेळी, रुग्ण विभागात असतानाच डॉक्टरांना बोलवा.

हाडाच्या वेदनेसाठी ८ ग्रे घेतलेल्या रुग्णाला सांगून ठेवा की पहिले काही दिवस दुखणं तात्पुरतं वाढू शकतं आणि आराम पडायला काही आठवडेही लागू शकतात. हे आधी कळलं नाही, तर दुसऱ्या दिवशी वाढलेलं दुखणं बघून त्याला उपचार फसला असंच वाटतं.

सिटिंग चुकली तर

डोकं-मान आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एकूण कालावधी लांबला की ट्यूमरच्या उरलेल्या पेशी झपाट्याने वाढू लागतात. डोकं-मानेत हा वेग साधारण चौथ्या आठवड्यानंतर वाढतो, हे विदर्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलं. लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्का किंवा त्याहून थोडी जास्त घटते, असं धरलं जातं. म्हणून कुणी आलं नाही तर त्याच दिवशी फोन करा. रागवू नका, कारण विचारा. प्रवास झेपत नाही, गिळता येत नाही म्हणून अंगात त्राण नाही, सुट्टी मिळत नाही; बहुतेक कारणांवर समाजसेवक, नर्स किंवा वेळेतला बदल यातून मार्ग निघतो. चुकलेली सिटिंग सुट्टीच्या दिवशी देता येते, किंवा एका दिवसात किमान सहा तासांच्या अंतराने दोन देता येतात, पण हे डॉक्टर आणि फिजिसिस्टनी ठरवायचं. मशीन बंद पडलं तर बाहेर बसलेल्यांना दर थोड्या वेळाने येऊन खरी परिस्थिती सांगा. मूत्राशय भरून बसलेल्यांना सगळ्यात आधी.

अवघड प्रश्न

“मी बरा होईन ना?” हा प्रश्न बहुधा काउचवरून उतरताना येतो, बाहेर पुढचा रुग्ण थांबलेला असताना. ‘होणार, होणार’ म्हणून पाठ थोपटू नका, आणि ‘ते डॉक्टरांना विचारा’ म्हणून दारही लावू नका. “आज हे मनात का आलं?” असं विचारा आणि मिनिटभर ऐका. मग म्हणा, “याचं नीट उत्तर डॉक्टर देतील, मी आजच त्यांच्याशी तुमचं बोलणं करून देते.” आणि ते खरोखर त्याच दिवशी करा. एखादा रुग्ण अर्ध्यात गेला की मन जड होतं. ते सहकाऱ्यांशी बोला, साठवून ठेवू नका. किरणांची भीती मात्र मनातून काढा. बंकर नीट बांधलेला असेल आणि नियम पाळले जात असतील, तर लिनॅकवर काम करणाऱ्याला मिळणारा डोस वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट या मर्यादेच्या खूपच खाली असतो. डोसीमीटर बॅज (अंगाला मिळालेला डोस मोजणारा) तरीही रोज लावायचाच.

शेवटची सिटिंग

घरचे आनंदात असतात, आणि रुग्णाला रडू फुटतं. रोज कुणीतरी बघत होतं, विचारत होतं, ते उद्यापासून बंद होणार असतं. असं अनेकांना होतं हे त्याला दोन-तीन दिवस आधीच सांगा. दुसरं, त्रास उपचाराबरोबर संपत नाही. त्वचा आणि तोंडाचा त्रास शेवटच्या सिटिंगनंतर आठ-दहा दिवसांनी सगळ्यात जास्त असू शकतो आणि मग हळूहळू उतरतो. थकवा त्याहून जास्त काळ टिकतो. सांगितलं नसेल तर नेमक्या त्या दिवसांत तो घरी एकटा घाबरतो.

कागदावर चार गोष्टी लिहून द्या: त्वचेची किंवा तोंडाची काळजी किती दिवस चालू ठेवायची, कोणतं लक्षण दिसलं तर लगेच यायचं, दिवसा कुठल्या नंबरवर आणि रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा, आणि पुढच्या तपासणीची तारीख. कागद हातात देऊन थांबू नका. सोबतच्या माणसासमोर एकदा वाचून दाखवा, आणि नंबर त्यांच्या फोनमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या.